आंब्याच्या लहान कलमांभोवतीचं गवत: ओल राखतं की पिऊन टाकतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राजापूरजवळच्या गावात वडिलोपार्जित वरकस, म्हणजे हलक्या, उताराच्या जमिनीत दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत हापूसची 120 कलमं लावली. खड्डे नीट मारले, शेणखत घातलं, दोन्ही उन्हाळे माणूस ठेवून आठवड्याला कलमामागे 20 लिटर पाणी घातलं. तरीही बहुतेक कलमं गुडघ्याच्या वर गेलेली नाहीत आणि पानं पिवळट दिसतात. पावसाच्या शेवटी गवत कमरेला लागतं. शेजारचे काका म्हणतात, गवताला हात लावू नका, त्यानेच जमिनीत ओल राहते. ‘माझ्या बागेत गवत आहे, आंबे लागतातच ना?’ असा त्यांचा सवाल. खताच्या दुकानदाराचा सल्ला तणनाशक मारा आणि खत वाढवा असा. तुम्ही राहता मुंबईला, गावी फेरी गणपतीत, दिवाळीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. मग नेमकं करायचं काय?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. खत वाढवू नका. तणनाशक आणू नका. प्रत्येक कलमाच्या बुंध्यापासून चारही बाजूंना एक मीटर जागा अशी ठेवा की तिथे गवताचं एक हिरवं पातं दिसणार नाही, आणि हे आणखी निदान तीन वर्षं चालू द्या. त्या वर्तुळाबाहेर गवत खुशाल वाढू दे. ते कापून याच वर्तुळात पसरायचं आहे.

काकांचं म्हणणं उडवून लावू नका, ते अर्धं खरं आहे. मेलेलं गवत ओल राखतं. जिवंत गवत ओल पितं. आणि त्यांच्या बागेतली झाडं वीस-पंचवीस वर्षांची असणार. त्यांची मुळं जांभ्या दगडाच्या फटींतून कुठल्या कुठे गेलेली असतात, शिवाय खाली एवढी दाट सावली की गवत तिथे नावालाच उगवतं. त्या झाडांना गवताचं काय सोयरसुतक! तुमच्या कलमाची गोष्ट वेगळी. त्याची अन्न घेणारी बारीक मुळं अजून वरच्या वीतभर-दीड वीत मातीत आहेत, आणि गवताच्या मुळांचं सगळ्यात दाट जाळंही नेमकं त्याच थरात असतं. एका ताटात दोघं जेवायला बसलेत, त्यातला एक दहा हातांनी जेवतोय.

हे माझ्या शब्दावर मानू नका, खणून बघा. दिवाळीत जाल तेव्हा एक कुदळ आणि खुरपं घेऊन कुठल्याही कलमापासून हातभर अंतरावर, गवतातच, फूटभर खोल खड्डा काढा. मी पहिल्यांदा असा काढला तेव्हा गवताचा ठोंब उचलल्याबरोबर खालची माती त्याच्यासोबत चटईसारखी उठून आली. पांढऱ्या केसासारख्या मुळांनी ती शिवल्यासारखी झाली होती. वीतभर खाली हात घातला तर माती पिठासारखी, मुठीत दाबली तर गोळा होईना. पाऊस जाऊन जेमतेम महिना झाला होता. तिथून दहा पावलांवर एक कलम होतं, ज्याच्या बुंध्याशी सप्टेंबरात गड्याने सहज म्हणून कापलेल्या गवताचा भारा टाकला होता आणि तो उचलायचं राहून गेलं होतं. त्या भाऱ्याखाली माती अजून काळी, थंड, मुठीत गोळा होणारी. आंब्याची बारीक तपकिरी मुळं वरपर्यंत आलेली. त्या कलमाने त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास हातभर पालवी टाकली, बाकीची तशीच बसून राहिली. माझं पुढचं सगळं शिक्षण त्या विसरलेल्या भाऱ्यापासून सुरू झालं.

पाण्याचा हिशेब कागदावर मांडून बघू. बुंध्यापासून एक मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे साधारण 3.14 चौरस मीटर जागा. ऑक्टोबरच्या उन्हात हिरवंगार गवत दिवसाला चार मिलिमीटर पाणी सहज उडवतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. म्हणजे तेवढ्या वर्तुळातलं गवत दिवसाला साडेबारा लिटर आणि आठवड्याला जवळपास 88 लिटर पाणी हवेत सोडतं. तुम्ही घालता आठवड्याला 20. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कलमाला जमिनीतल्या शिलकीवर काढायचे असतात. ती शिल्लक सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत, गवत वाळायच्या आत, गवतच उडवून टाकतं. आपण मार्चमध्ये पाणी पाणी करतो, पण घर लुटलं गेलेलं असतं ऑक्टोबरात.

उघड्या जमिनीतूनही पाणी उडतंच की, असं कुणी म्हणेल. उडतं, पण वरचे दोन-चार बोटं सुकले की तो सुका थरच झाकणासारखा होतो आणि खालची ओल बरीच टिकते. गवताच्या मुळ्या त्या झाकणाखाली उतरून ओढत राहतात.

पिवळटपणाचं कारणही तिथेच आहे. नत्र. आपल्याकडे हापूसला पहिल्या वर्षी साधारण 300 ग्रॅम युरिया आणि पुढे दरवर्षी तेवढीच वाढ, असा हिशेब धरतात. तुम्ही तो युरिया आळ्यात, म्हणजे बुंध्याभोवतीच्या त्या वर्तुळात, टाकलात आणि आळ्यात गवत आहे, तर पहिला घास गवताचा. ते आठवड्यात काळंभोर हिरवं होतं, आपल्याला वाटतं खत लागू पडलं! लागू पडलं खरंच, फक्त पत्ता चुकला. म्हणून दुकानदाराचा ‘डोस वाढवा’ हा सल्ला म्हणजे गवताला खुराक.

याच्यावर जुनी आणि फार रंजक भांडणं झालेली आहेत. 1894 साली इंग्लंडमध्ये वोबर्न इथे बेडफर्डचे ड्यूक आणि स्पेन्सर पिकरिंग यांनी फळझाडांवर प्रयोग सुरू केले. लहान सफरचंदाच्या झाडांवर गवताचा इतका वाईट परिणाम दिसला की नुसती पाण्या-खताची ओढाताण हे कारण त्यांना पटेना. मग त्यांनी गवत वेगळ्या ट्रेमध्ये लावलं, ट्रे झाडाच्या मुळांवर ठेवला आणि ट्रेतून निथळलेलं पाणी फक्त झाडाला मिळेल असं केलं. मुळं मुळांना लागत नव्हती, तरी झाडं खुरटली. गवत काहीतरी विष सोडतं, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे आपल्याकडे बिहारमधल्या पुसा इथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी, म्हणजे कंपोस्टच्या इंदूर पद्धतीमुळे ज्यांचं नाव अजून घेतलं जातं त्यांनीच, आंबा, पेरू, लिची, सीताफळ, लिंबू अशा झाडांखाली गवत ठेवून पाहिलं आणि मुळं खणून काढून अभ्यासली. गवताखालच्या जमिनीत मुळांना हवा कमी पडते, यावर त्यांचा भर होता. पेरूने त्यातल्या त्यात तग धरला, बाकीच्यांचे हाल झाले. आता विचाराल तर पाणी आणि नत्र ही कारणं पहिली, विष आणि हवा त्यांच्या मागे, असं बहुतेक जण धरतात. माझ्यासारख्या बागवाल्याला त्या वादातून एवढंच उचलायचंय की शंभर-सव्वाशे वर्षं वेगवेगळ्या मातीत, वेगवेगळ्या झाडांवर बघितलं तरी लहान झाडाच्या मुळावर गवत कुणालाच मानवलेलं नाही.

आणखी एक नुकसान आहे, ते पुस्तकात कमी आणि बागेत जास्त दिसतं. कमरेएवढ्या गवतात कलमाचा खालचा भाग दिसतच नाही. तिथे जोडाच्या खालून खुंटाला, म्हणजे ज्या रोपावर हापूसची काडी जोडली त्याला, फुटवे येतात. खुंट रायवळचा, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या गावठी आंब्याचा, अंगाने दांडगा. सावलीत पिचलेली हापूसची काडी मागे पडते आणि खालचा फुटवा गवतातून डोकं वर काढतो. मालक दिवाळीत येतो, लांबून हिरवा शेंडा बघतो, खूश होऊन मुंबईला जातो. सात वर्षांनी त्याला रायवळ आंबे लागतात आणि नर्सरीवाल्याने फसवलं म्हणून तो गावभर सांगत फिरतो. तुमची 120 कलमं एकदा जोडापाशी वाकून तपासा. जोडाखालचा प्रत्येक फुटवा बोटाने मोडून टाका, कोवळा असेल तर कात्रीही लागत नाही.

आता काम कसं करायचं.

गणपतीत जाल तेव्हा गडी लावून फक्त वर्तुळं साफ करून घ्या. सबंध रान बेणायला जाऊ नका, पैसाही पुरणार नाही आणि गरजही नाही. गवत विळ्याने कापलं म्हणजे काम झालं, अशी गड्याची समजूत असते. त्याला शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. कापलेलं गवत आठ दिवसांत पुन्हा फुटतं, मुळं तशीच पीत राहतात. वर्तुळात खुरप्याने मुळासकट काढायचं, पण दोन बोटांपेक्षा खोल जायचं नाही, नाहीतर आंब्याचीच मुळं तुटतात. पावसाच्या दिवसांत माती मऊ असते, निम्मं गवत हाताने उपटून येतं. चांगला गडी दिवसाला पस्तीस-चाळीस वर्तुळं काढतो, म्हणजे तुमचं काम एका माणसाचं तीन-चार दिवसांचं.

हे गणपतीतच करा म्हणतो त्याला दुसरंही कारण आहे. पूर्ण पावसाळा गवताच्या सावलीत काढलेलं कलम ऑक्टोबरच्या उन्हात एकदम उघडं पाडलं तर साल भाजते, पानांच्या कडा करपतात. भाद्रपदात ढग असतात, त्याला हळूहळू सवय होते. दिवाळीपर्यंत राहूनच गेलं तर पश्चिमेच्या बाजूला माडाच्या झावळीचा एक तुकडा तिरका रोवून द्या.

मधल्या पट्ट्यातलं उंच गवत कापायची वेळ म्हणजे फुलोरा आला आणि बी धरायचं आहे तेव्हाची, साधारण सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. दिवाळीपर्यंत थांबलात तर कुसळ्या पिकतात, आणि मग आच्छादनाबरोबर पुढच्या वर्षीचं बीही आपणच आळ्यात पेरतो. तुम्ही तेव्हा गावी नसता, म्हणून गड्याला गणपतीतच सांगून, दोन-चार मधले पट्टे खुणा करून ठेवा. कापलेलं गवत वर्तुळात वीतभर जाड पसरायचं. दाबून ते चार बोटं होतं. बुंध्याभोवती मात्र एक वीत मोकळी ठेवायची. बुंध्याला टेकलेलं ओलं गवत साल कुजवतं, आणि वाळलं की त्याखाली उंदीर येऊन साल कुरतडतात. हे मोकळं कडं ठेवायला गडी हमखास विसरतात. कलम ‘गुंडाळून’ दिलं की त्यांना काम नीट केल्यासारखं वाटतं.

जांभ्याच्या जमिनीत वाळक्या गवताला वाळवी लागणार, ते धरूनच चाला. ती आधी वाळकं गवत खाते, त्याचं दुःख करू नका. पण बुंध्यावर मातीच्या रेघा चढलेल्या दिसल्या तर त्या खरवडून काढायच्या आणि ते मोकळं कडं आणखी मोठं करायचं. मुंबईहून पुठ्ठ्याचे खोके आणून खाली अंथरतात, ते पावसानंतर ठीक आहे, गवत चांगलं दबतं. फक्त वाळवीला पुठ्ठा म्हणजे पुरणपोळी, हे लक्षात असू दे.

ग्रास कटरबद्दल स्पष्ट सांगतो. मधल्या पट्ट्यात वापरा, वर्तुळाच्या आत त्याला पाऊल टाकू देऊ नका. एका वर्षी मी घाईत भाड्याने कटरवाला लावला. दोन एकर दिवसात चकाचक. पंधरा दिवसांनी बघतो तर अकरा कलमांची पानं लोंबायला लागलेली. बुंध्याशी वाकून पाहिलं तर नायलॉनच्या दोरीने साल चारही बाजूंनी अंगठी काढल्यासारखी सोललेली होती. पानांनी केलेलं अन्न खाली उतरायची वाटच तुटली, आधी मुळं उपाशी, मग वरचं झाड. त्यातली नऊ गेली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक लहान कलमाला उभी चिरलेली पीव्हीसी पाईपची फूटभर नळी असते. चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, चार काठ्या रोवल्या तरी चालतं, कटरवाल्याला अंतर कळलं म्हणजे झालं.

तणनाशकाचं. गवत मुळासकट जावं म्हणून लोक ग्लायफोसेट मारतात. त्याची आपल्याकडची नोंदणी चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढ्यापुरतीच आहे, दुकानदार काहीही सांगो. आणि दोन वर्षांच्या कलमाची साल अजून हिरवट असते, खाली फुटवे असतात. पंपाचा तुषार त्यावर बसला की औषध थेट झाडाच्या आत. मग नवी पालवी सुतळीसारखी बारीक, आखडलेली येते आणि आपण बुरशीचं औषध शोधत बसतो. 120 कलमांसाठी तीन दिवसांचा गडी परवडतो.

वरवरच्या खुरपणीने न हटणारी गवतं दोनच, हरळी आणि लव्हाळा. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, नि उतारावरचं बहुतेक गवत एका वर्षाचं असतं, बी पडलं नाही तर हटतं. पण घराजवळच्या, खत पडलेल्या, पाणी मिळणाऱ्या जागेत हरळी शिरते. वंश हरळीच्या मुळीसारखा वाढो असा आशीर्वाद आपल्याकडे उगाच देत नाहीत. तिचा एक पेर मातीत राहिला तरी नवं बेट होतं, म्हणून पॉवर टिलर फिरवणं म्हणजे तिची लागवडच. मे महिन्यात, जमीन कोरडी ठणठणीत असताना, कुदळीने खणून मुळ्या ओढून काढा आणि खडकावर उन्हात पसरा. आच्छादनात त्या चुकूनही नकोत. लव्हाळ्याच्या गाठी खाली साखळीने असतात, उपटलं की वरची पात हातात येते आणि गाठ हसत राहते. त्याला जाड आच्छादन आणि पुनःपुन्हा खुरपणी, दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

मधल्या पट्ट्यातलं गवत ठेवा म्हणालो ते दया म्हणून नव्हे. तुमची जमीन उताराची आहे. सबंध रान खरडून लख्ख केलंत तर आपल्याकडचा पाऊस एका मोसमात ती वीतभर लाल माती ओढ्याला नेईल आणि खाली कातळ उरेल. तिथे चवळी, कुळीथ टाकता आला तर आणखी बरं, जमिनीला नत्रही मिळतं. पण वेल कलमावर चढू देऊ नका. शेळ्यांसाठी नेपियर हे चाऱ्याचं उंच गवत लावायचा मोह अनेकांना होतो. लहान कलमांच्या बागेत तर नकोच, ते गवत नव्हे, पंप आहे.

एक मोठी काळजी उरते, वणवा. वाळकं आच्छादन म्हणजे बुंध्याशी रचलेलं सरपण. डिसेंबर संपायच्या आत हद्दीने चारही बाजूंना निदान तीन मीटरचा पट्टा पार साफ, पातेरासुद्धा झाडून, ठेवा. आमच्याकडे एका मार्चमध्ये पलीकडच्या मोकळ्या रानातून आग आली, पट्टा होता तिथे थांबली, जिथे गड्याने ‘उद्या करतो’ म्हणून वीस पावलं सोडली होती तिथून आत आली. एका दुपारी चाळीस कलमं गेली. शिमग्याला जाल तेव्हा पालखीच्या आधी एक फेरी हद्दीवरून मारा.

आता, सगळा दोष गवताचाच आहे का? बहुधा आहे, पण पडताळा घ्या. कलम जोड पुरला जाईल इतकं खोल लागलं असेल, पिशवीतली मुळं गुंडाळलेली तशीच लावली असतील किंवा खड्ड्याच्या तळाशी अखंड कातळ असेल, तरी झाड असंच बसून राहतं. बांधाच्या कडेला, दगडावर, जिथे गवत मुळातच कमी आहे तिथली कलमंही तेवढीच खुरटलेली असतील तर एक मेलेलं कलम उपटून मुळं बघा. त्या बाजूची बरी आणि गवतातली खुजी असतील, तर शंका नको.

सुधारणा किती दिवसांत दिसेल, हेही मनाशी धरून ठेवा. गवत काढलं म्हणून पंधरा दिवसांत काही घडत नाही. गणपतीत साफ केलेल्या कलमाला दिवाळीच्या आसपास एक पालवी यावी, पानं आधीच्यापेक्षा मोठी असावीत. खरा फरक पुढच्या पावसाळ्यात, शेणखत आणि खत स्वच्छ आळ्यात पडल्यावर. गेलेली दोन वर्षं पूर्ण भरून येत नाहीत, पण इथून तिसऱ्या पावसाळ्यात कलम छातीला लागायला हरकत नाही. पाणीही तेवढंच, आठवड्याला 20 लिटर, पण आच्छादन उचलून, संध्याकाळी, थेट मातीवर.

आणि काकांसाठी एक करा. त्यांच्या हद्दीलगतची दहा कलमं निवडा. पाच माझ्या पद्धतीने साफ करा, पाच त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गवतातच राहू द्या. दहाही कलमांच्या शेंड्याला आजच्या उंचीवर रंगीत सुतळी बांधा. मे महिन्यात त्यांनाच मोजपट्टी घेऊन मोजायला लावा.